वडिलांना गळ टाकायला न्यायचंय? आधी तिथी बघा

सत्तरी ओलांडलेल्या वडिलांना गळ टाकायला न्यायचं ठरलं की घरात पहिला प्रश्न निघतो, "मासे कुठे लागतात?" पालघरच्या माहीम, केळवे, सातपाटी, शिरगाव या पट्ट्यात त्याचं उत्तर कुणीही देईल. पण त्या वयाच्या माणसासाठी जागा निवडायची तर प्रश्नांचा क्रम उलटा लावावा लागतो. आधी दिवस, मग वाट, मग बसायची सोय. मासे सर्वांत शेवटी.

अमेरिकेत कोलोराडोसारख्या डोंगराळ राज्यांत हाच हिशेब एल्कच्या शिकारीसाठी करतात. एल्क म्हणजे तिथलं मोठं हरीण, नराचं वजन तीनशे किलोच्या घरात. शिकारीसाठी राज्याचे विभाग पाडलेले असतात आणि पुष्कळ विभागांचे परवाने सोडतीने मिळतात. म्हाताऱ्या वडिलांना न्यायचं असेल तर रस्ता कुठवर जातो, उंची किती, तिथे धाप लागेल का, जनावर पडलं तर मांस गाडीपर्यंत कोण आणणार, हे आधी बघावं लागतं. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीचा विषय संपवला, आणि ते योग्यच झालं. पण पाण्याकाठी गळ टाकून बसण्याचा नाद आपल्या किनाऱ्यावर घरोघर आहे. वय झालं म्हणून तो सुटत नाही. बहुतेकदा मुलंच काळजीपोटी तो सोडायला लावतात.

दिवस ठरवायला आपल्या किनाऱ्यावरचा जुना हिशेब पुरेसा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळीही. दशमीला साडेसात. हा हिशेब मुंबईच्या आसपासचा; उत्तरेला सरकावं तशी वेळ थोडी पुढे जाते. अमावास्या-पौर्णिमेला मात्र भरती भर दुपारी येते आणि सकाळी सहाला पाणी पार आत गेलेलं असतं. शिवाय ते उधाणाचे दिवस, मुंबईत अशा वेळी भरतीचं पाणी साडेचार मीटरच्या वर जातं. अष्टमी ते दशमी भांगाचे दिवस. पाणी फार चढत नाही, फार ओसरतही नाही. म्हणजे उन्हाच्या आधी किंवा ऊन उतरल्यावर भरती मिळते, ओढ कमी असते आणि खुर्ची सारखी मागेपुढे सरकवावी लागत नाही. सराईत गळवाले म्हणतील, उधाणाला पाणी हलतं तेव्हाच मासा लागतो. त्यांचं खरं आहे. तरीही वडिलांसाठी मी भांगच निवडेन.

आता जागा. माझ्या मते सुरुवात केळव्याच्या पुळणीवरून करावी. सुरूच्या बनाची सावली आहे, पायाखाली वाळू आहे, गाडी जवळ लागते. आणखी एक गोष्ट आहे, जी वडील कधीच बोलून दाखवणार नाहीत. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी लघवी वाढते, प्रोस्टेटचा त्रास असला तर धीरही धरवत नाही. "मला कंटाळा आलाय, तुम्ही जा" यामागे पुष्कळदा एवढंच कारण असतं. केळव्याला पर्यटकांमुळे खानावळी आणि राहण्याची ठिकाणं हाकेच्या अंतरावर आहेत. आडबाजूच्या किनाऱ्यावर मासा चांगला लागेलही, पण ही सोय नसेल तर वडील तासाभरात "चला घरी" म्हणतील.

दांडा खाडीचा मोह होतो. खाडीत तांब, पालू, शिंगाळा असा गळाचा मासा फिरतो. पण काठाला चिखल, तिवरांची मुळं आणि खडकांवर कालवांची धारदार कवचं. मधुमेहाने पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला कालवाने कापलेलं कळतही नाही, आणि खाऱ्या पाण्यातली जखम चिघळायला वेळ लागत नाही. जायचंच असेल तर पूर्ण बंद बूट आणि पक्का काठ, या दोन्हीशिवाय नको. खाडीच्या मुखाशी पोर्तुगीजांचा पाणकोट आहे. ओहोटीला तिथवर चालत जाता येतं, म्हणून हौशी मंडळी जातात. वडिलांना तिथे नेऊ नये. पाणी सहा तास सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांतच निम्मी भरती येते. तरुण माणूस पळत परत येईल, गुडघे दुखणारा येणार नाही.

सातपाटीची जेट्टी सपाट आहे, पण ती कामाची जागा. दोर, बर्फ, मासळीचं निसरडं पाणी, घाईत ये-जा करणारी माणसं. शिवाय जिच्यासाठी सातपाटीचं नाव, ती पापलेट जाळ्याची मासळी, गळाची नव्हे. उत्तरेला नवापूर-तारापूरकडे मी जाणार नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या यादीत तारापूर औद्योगिक वसाहत देशात सर्वांत प्रदूषित ठरली होती. कारखान्यांच्या सांडपाण्याने खाडी आणि समुद्र नासला म्हणून मांगेला समाजाच्या परिषदेने हरित लवादाकडे दाद मागितली. वडिलांनी पकडलेला मासा घरी शिजला पाहिजे. तो शिजवायला मन धजणार नसेल, तर त्या जागेला अर्थ नाही.

गळ त्यांच्याच हातात राहिला पाहिजे, हेही जागेइतकंच महत्त्वाचं. माझ्या वडिलांना हल्ली तंगूस गरीच्या डोळ्यातून ओवता येत नाही. मोतीबिंदू काढलाय, तरी बोटं थरथरतात. म्हणून चार-पाच गऱ्या घरीच बांधून, तंगुसाला छोटी अडकवणी लावून नेतो. काठावर ते फक्त अडकवतात, कोळंबी लावतात आणि शिसं स्वतः फेकतात. अंगठा आणि तर्जनीत तंगूस ताणून धरतात. रॉडच्या टोकाकडे बघायची त्यांना गरज नसते, मासा चाटतोय की ओढतोय हे बोटालाच कळतं. तिथे मी मध्ये बोलत नाही.

मासा गरीतून सोडवायचं काम मात्र आपण करावं. शिंगाळ्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना विषारी काटे असतात, आणि लागला की कळ खांद्यापर्यंत जाते. सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवला की ती उतरते, म्हणून थर्मासमध्ये गरम पाणी असावं. पाण्याचा गरमपणा आधी आपल्या हाताने बघावा; मधुमेह्याला भाजल्याचं कळत नाही. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल तर जखमेवर दाबून धरायला स्वच्छ कापड हवं. पिण्याचं पाणी आणि थोडी साखर सोबत ठेवावी. वडिलांबरोबर दोघांनी जावं, म्हणजे वेळ आलीच तर एकजण गाडी काढेल.

जून-जुलैत कितीही हट्ट केला तरी नाही म्हणा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांनाही मासेमारी बंद असते, आणि त्या दिवसांतली लाट काठावरच्या माणसाची गय करत नाही. पावसाळा सरला की कालनिर्णयात अष्टमी शोधा, आणि कुठे बसायला आवडेल हे त्यांनाच विचारा.