किल्पेकच्या कमानीतले सांधे

हेरेफर्ड शहराच्या नैर्ऋत्येला, वेल्सच्या सीमेजवळ, किल्पेक नावाचं इंग्लिश खेडं आहे. तिथलं चर्च ११४० च्या सुमाराचं. लोकांनी बसायचं लांबट दालन, पुढे वेदीची खोली आणि शेवटी अर्धगोल गाभारा, एवढाच त्याचा पसारा. पण दक्षिणेच्या दरवाज्यासमोर उभं राहिलं की पाय निघत नाही. साप, ड्रॅगन, पक्षी, वेलीत गुरफटलेले दोन योद्धे आणि तोंडातून फांद्या बाहेर पडणारा एक चेहरा. बघणारा लगेच विचारतो, ‘याचा अर्थ काय?’ मला विचाराल तर हा प्रश्न थोडा वेळ बाजूला ठेवावा आणि आधी दगडांमधले सांधे बघावेत. हा दरवाजा कसा घडला हे सांधेच सांगतात.

या शैलीला युरोपात रोमनेस्क म्हणतात, इंग्लंडात सरसकट नॉर्मन. कारण १०६६ साली नॉर्मन आले आणि जाड भिंती, अर्धगोल कमानी यांचं बांधकाम देशभर पसरलं. किल्पेकचा दगड मात्र तिथलाच: तांबूस वालुकाश्म. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी नद्यांनी आणलेल्या वाळूचे थर दबून तो झाला. हे थर वहीच्या पानांसारखे असतात, आणि पाथरवटाची निम्मी अक्कल ती पानं ओळखण्यात खर्च होते. खाणीत दगड जसा आडवा पडलेला होता तसाच भिंतीत बसवला, तर वरच्या वजनाने पानं घट्ट दाबली जातात. उभा करून पानांची बाजू दर्शनी ठेवली, तर पाणी आत शिरतं, गोठतं, आणि एकेक पापुद्रा नक्षीसकट गळून पडतो.

खाणीतून नुकत्याच निघालेल्या दगडात ओल असते, त्यामुळे तो तुलनेने मऊ लागतो. ओल बाहेर येताना विरघळलेली खनिजं पृष्ठभागाशी आणून सोडते आणि दगडाला कडक कातडी येते. म्हणून घडाईची खरी वेळ सुरुवातीचीच.

घडाई कशाने करायची? छिन्नी-हातोड्याचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर येतं, पण बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडात मोठं काम पाथरवटी कुऱ्हाडीचं होतं. सपाट दगडावर तिच्या तिरक्या, समांतर रेघा उमटत. कॅन्टरबरीच्या कॅथीड्रलला ११७४ साली आग लागली. पुढे तिथल्याच जर्व्हेस नावाच्या मठवासीयाने जुन्या-नव्या बांधकामाची तुलना लिहून ठेवली. जुनं काम साधं, कारण ते कुऱ्हाडीचं. नवं नाजूक, कारण ते छिन्नीचं, असा त्याचा निर्वाळा. एका साधूला हत्यारांतला हा फरक दिसावा, याचं मला फार कौतुक वाटतं. किल्पेकच्या बारीक नक्षीला मात्र छिन्नी लागलीच असणार. नुसत्या कुऱ्हाडीने योद्ध्यांच्या कपड्यांवरच्या त्या एकाशेजारी एक चुण्या निघणार नाहीत.

आता कमान. अर्धगोल कमान पाचरीच्या आकाराच्या दगडांची असते: खालून अरुंद, वरून रुंद. प्रत्येक दगड एकाच मापाचा हवा, म्हणून फर्मा करतात. आधी एक बाजू सपाट करायची, तिच्यावर गुण्या लावून दुसरी काटकोनात आणायची, मग फर्मा ठेवून पाचर आखायची. नक्षी त्यानंतर, आणि तीही खाली, ओट्यावर दगड ठेवून. नंतर लाकडी साच्यावर दोन्ही बाजूंनी एकेक दगड चुन्यात बसवत वर जायचं. मधला शेवटचा दगड बसून चुना धरेपर्यंत कमान साच्याच्या जिवावर उभी असते. साचा काढला की दगड एकमेकांना दाबून धरतात.

किल्पेकच्या कमानीचा आतला पट्टा या नजरेने बघा. एका दगडात एक प्राणी. कुणाचं डोकं शेजारच्या दगडात गेलेलं नाही, कुणाची शेपटी सांधा ओलांडत नाही. कमान आधी उभारून मग कोरली असती तर कारागिराला सांध्यांची एवढी पर्वा करावी लागली नसती. इथे दगडाची कड हीच चित्राची चौकट. चोच खाली रोखलेली पक्ष्यांची डोकी त्या काळी इंग्लंडात इतकी आवडती का झाली, याचं एक कारण मला इथेच दिसतं: निमुळत्या दगडात निमुळतं डोकं अलगद बसतं. दरवाज्यावरची अर्धगोल शिळा मात्र सलग आहे, म्हणून तिच्यावरच्या द्राक्षवेलीला मोकळेपणी पसरता आलं.

हे काम करणाऱ्या कारागिरांची नावं उरलेली नाहीत. हात ओळखू येतो, इतकंच. तोच हात जवळच्या शोबडनलाही दिसतो. तिथलं चर्च ऑलिव्हर द मर्लिमाँ या कारभाऱ्याने बांधवलं. तो स्पेनमधल्या सांतियागोची यात्रा करून आला होता. किल्पेकच्या आतल्या कमानीशी दोन्ही बाजूंना एकावर एक तीन-तीन संत उभे आहेत. त्यांचं मूळ अभ्यासक सांतियागोच्या एका दरवाज्यात शोधतात. शोबडनच्या कमानी अठराव्या शतकात चर्चमधून काढून टेकाडावर शोभेसाठी उभ्या केल्या. उघड्यावर पाऊस खाऊन त्यांची नक्षी पार झिजली आहे. डोक्यावर छप्पर नसणं काय असतं, ते तिथे कळतं.

किल्पेकला छपराच्या कडेखाली चर्चभोवती आधारदगडांची रांग फिरते. या दगडांची मागची बाजू भिंतीत दाबलेली आणि बाहेर आलेल्या तोंडावर कोरीव काम. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी आहेत, एकावर क्रूस घेतलेलं कोकरू. गाभाऱ्याच्या भिंतीवर शीला-ना-गिग आहे, दोन्ही हातांनी योनी उघडून दाखवणारी बाई. मराठी माणसाला लज्जागौरी आठवेल; पण या दोघींचा संबंध जोडायला पुरावा नाही. ही वासनेविरुद्धची ताकीद, की दृष्ट लागू नये म्हणून बसवलेली राखण, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

कधी गेलात तर दरवाज्यावर ऊन असताना जा आणि सोबत छोटी दुर्बीण ठेवा. आधी चर्चला बाहेरून पूर्ण फेरी मारा. आधारदगड मुळात ९१ होते, त्यांतले ८५ अजून जागेवर आहेत.