लीव्ह अँड लायसन्सवरची स्पर्धा

पुण्यात बालेवाडी-म्हाळुंगेच्या बाजूला हल्ली दर दुसऱ्या फ्लॅटमध्ये भाडेकरू असतो. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स, आगाऊ डिपॉझिट, भिंतीला खिळा ठोकायला बंदी, आणि मुदत संपली की दारात टेम्पो. याच बालेवाडीत, शिवछत्रपती क्रीडा संकुलात, एक आंतरराष्ट्रीय टेनिस स्पर्धाही पाच वर्षांच्या करारानं राहून गेली. २०१८ च्या जानेवारीत आली, २०२३ च्या जानेवारीत शेवटची झाली आणि २०२४ च्या जानेवारीत तिचं सामान हाँगकाँगला उतरलं. स्पर्धेच्या मालकी हक्काला टेनिसच्या व्यवहारात ‘लायसन्स’च म्हणतात. हा विनोद माझा नाही.

‘भारतातल्या बंद पडलेल्या खुल्या टेनिस स्पर्धेचा आढावा घ्या,’ असं संपादकांनी सांगितलं तेव्हा मी विचारलं, ‘कुठल्या वेळच्या?’ कारण ती एकदाच बंद पडलेली नाही. आणि दुसरी गोष्ट आधीच कबूल करतो. मी जन्माचा दुहेरीवाला. ज्यांना फक्त एकेरीच्या विजेत्यांची यादी हवी असेल त्यांनी पुढचे तीन परिच्छेद वाचून पान उलटावं. मला राग येणार नाही. म्हणजे थोडा येईल.

पहिला संसार ग्रां प्री दौऱ्यातला. १९७३ ते १९७९ अशी सात वर्षं ‘इंडियन ओपन’ झाली आणि तेवढ्यात तिनं चार शहरं पाहिली. १९७३ ला दिल्लीत विजय अमृतराज जिंकला. पुढच्या वर्षी मुंबईत न्यूझीलंडच्या ओनी पारुननं टोनी रोशला हरवलं. १९७५ ला कोलकात्यात विजयनं मान्युएल ओरांतेसला धूळ चारली, आणि हा ओरांतेस त्याच वर्षीचा अमेरिकन ओपनचा विजेता होता. १९७६ ला बंगळूरमध्ये आपला शशी मेनन अंतिम फेरीपर्यंत जाऊन किम वॉर्विककडून हरला. १९७७ ला मुंबईत पुन्हा विजय, १९७८ ला कोलकात्यात अठरा वर्षांचा यानिक नोआ, १९७९ ला मुंबईत परत विजय. सातपैकी चार विजेतेपदं एका माणसाची. आमच्या व्यवसायातले काही ज्येष्ठ या काळाला सुवर्णयुग म्हणतात. मला तो एका माणसाच्या खांद्यावर उभा राहिलेला मांडव वाटतो. बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणाऱ्या स्पर्धेला स्वतःचं मैदान नव्हतं, ठरलेला प्रेक्षक नव्हता. १९७९ नंतर ती आली नाही, तर विचारायला कुणाच्या दारात जायचं हेही कुणाला ठाऊक नव्हतं.

दुसरा संसार १९९६ पासूनचा. पहिलं वर्ष दिल्लीत, विजेता स्वीडनचा थॉमस एन्क्विस्ट. १९९७ पासून चेन्नईचं नुंगंबक्कम, आणि तिथे ती तब्बल एकवीस वर्षं नांदली. एकेरीचा इतिहास भरभर सांगतो, कारण तो सगळ्या पुरवण्यांत छापून झालाय. पॅट्रिक राफ्टर १९९८ मध्ये जिंकला, कार्लोस मोया २००४ आणि २००५ असा सलग दोनदा, मारिन चिलिच २००९ आणि २०१० मध्ये, आणि स्टॅन वावरिंका एकूण चारदा. २००८ ची उपांत्य फेरी मात्र ज्यांनी पाहिली ते अजून विसरलेले नाहीत. राफाएल नदाल आणि मोया हे दोघे मायोर्काचे, एकमेकांचे दोस्त. तीन सेट चालले तीन तास चोपन्न मिनिटं, आणि तिन्ही टायब्रेकरवर सुटले. नदाल जिंकला खरा, पण दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात मिखाइल यूझनीनं त्याला ६-०, ६-१ असं गुंडाळलं. पाय संपले होते.

२००९ ला सोमदेव देववर्मन वाइल्ड कार्डवर आला, मोयाला आणि इव्हो कार्लोविचला हरवून अंतिम फेरीत पोचला आणि चिलिचशी झुंजून हरला. १९९६ ते २०२३ या काळात स्पर्धा सत्तावीस वेळा झाली. एकेरीच्या अंतिम फेरीत पोचलेला भारतीय एकच, हा सोमदेव. एकेरीचा भारतीय विजेता एकही नाही. झाली एकेरी.

आता माझा विषय.

१९७४ च्या सप्टेंबरात पुण्यात भारत विरुद्ध सोव्हिएत युनियन अशी डेव्हिस कपची लढत झाली. भारत ३-१ नं जिंकला आणि अंतिम फेरीत पोचला. पुढे दक्षिण आफ्रिकेशी खेळायला आपण वर्णद्वेषाच्या निषेधार्थ नकार दिला, हे सगळ्यांना माहीत आहे. मी तेव्हा शाळकरी पोरगा. मामा मला दुहेरीच्या दिवशी घेऊन गेले. अमृतराज बंधू खेळत होते आणि मी बाकीच्यांसारखीच चेंडूबरोबर मान इकडून तिकडे हलवत होतो. मामांनी माझी हनुवटी धरून चेहरा नेटकडे वळवला. ‘चेंडू काय बघतोस? तो येतोच. त्या पुढे उभ्या माणसाकडे बघ.’

तेवढ्यानं माझं आयुष्य फुकट गेलं म्हणा किंवा मार्गी लागलं म्हणा. नेटवर वाकलेला तो माणूस पाठीमागे हात नेऊन आपल्या जोडीदाराला खुणा करत असतो. मूठ मिटली तर जागेवर थांबणार. पंजा उघडला तर सर्व्हिस पडताक्षणी आडवा धावून परतीचा फटका मध्येच खुडणार. खुणा जोडीगणिक बदलतात, पण बोली तीच. समोरचा खेळाडू सर्व्हिसकडे बघतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून या वाकलेल्या माणसाकडेही. कधी कधी हा एक पाऊल टाकल्यासारखं करतो आणि जागचा हलत नाही. समोरच्याचा फटका मात्र तेवढ्यानं बिघडून बाहेर जातो. धावफलकावर त्याच्या नावापुढे काही लागत नाही, पण गुण त्याचा असतो. एकेरीत हे नाटक नाही. तिथे एकटाच नट, स्वगतं म्हणणारा.

लिअँडर पेस आणि महेश भूपती यांचं एटीपी दौऱ्यावरचं पहिलं एकत्र विजेतेपद याच स्पर्धेतलं, १९९७ चं, चेन्नईत. मग १९९८, मग १९९९. त्याच १९९९ साली ते चारही ग्रँड स्लॅमच्या अंतिम फेरीत खेळले आणि फ्रेंच ओपन व विम्बल्डन जिंकले. २००२ ला चेन्नईत पुन्हा तेच. मग भांडणं, अबोला, वेगळे जोडीदार. तो सगळा इतिहास चघळून चोथा झालेला आहे. आणि २०११ ला पुन्हा एकदा, त्याच कोर्टवर, तीच जोडी, पाचव्यांदा विजेती. भूपतीचा बॅकहँडचा परतीचा फटका समोरच्या नेटवाल्याच्या पायाशी बुडायचा. त्यानं तो कसाबसा उचलला की पेस चेंडूच्या आधीच तिथे हजर. मी तेव्हा टिपणवहीत लिहिलं होतं, ‘एक जण दार ठोठावतो, दुसरा खिडकीतून आत येतो.’ उपसंपादकानं जागा नाही म्हणून ते कापलं. इथे वापरून घेतो.

पुढचा हिशेबही ऐका. २०१२ ला पेस यांको टिप्सारेविचला घेऊन जिंकला. २०१७, म्हणजे चेन्नईचं शेवटचं वर्ष. दुहेरीचा अंतिम सामना चौघा भारतीयांत झाला. रोहन बोपन्ना आणि जीवन नेदुंचेळियन यांनी पूरव राजा आणि दिविज शरण यांना हरवलं. घर सोडायच्या आदल्या रात्री घरच्यांनीच बसून जेवावं, तसं ते झालं. दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत एकेरीच्या विजेत्याचा, रॉबेर्तो बाउतिस्ता आगुतचा, फोटो होता. दुहेरीला चार ओळी.

मग पुणे. एकेरीत जिल्स सिमाँ, केव्हिन अँडरसन, यिरी वेसेली, जुआंव सोसा आणि टॅलन ग्रीकस्पोर. यातला एकच अंतिम सामना लक्षात राहण्यासारखा, २०१९ चा. चाळिशीला टेकलेल्या कार्लोविचनं अँडरसनला तिन्ही सेट टायब्रेकरपर्यंत खेचलं. १९७७ ला हाँगकाँगमध्ये खेळलेल्या केन रोझवॉलनंतर एवढ्या वयाचा माणूस अशा अंतिम फेरीत दिसला नव्हता. त्या वेळी हाँगकाँगचं नाव मी सहज वाचलं आणि सोडून दिलं.

दुहेरीत? २०१९ ला बोपन्ना-दिविज विजेते. २०२२ ला बोपन्ना-रामकुमार रामनाथन विजेते. २०२३ च्या शेवटच्या स्पर्धेत श्रीराम बालाजी-जीवन अंतिम फेरीत. सत्तावीस स्पर्धांत दुहेरीच्या चषकावर भारतीय हात नऊ वेळा पडले, त्यातले आठ वेळा दोन्ही हात भारतीय. एकेरीत शून्य. आता सांगा, या स्पर्धेचा खरा इतिहास कुठला?

इथे आमच्यातल्या काही पंडितांशी माझं जुनं भांडण आहे. त्यांची नावं घेत नाही, दिवाळी आहे. त्यांचं म्हणणं असं की दुहेरीच्या सोप्या यशानं भारताची एकेरी खाल्ली. सोपं? पेसनं १९९६ ला अटलांटात ऑलिंपिकचं कांस्य मिळवलं ते एकेरीत. १९९८ ला न्यू हेवनमध्ये पीट सँप्रासला हरवलं तेही एकेरीत. एकेरी उपाशी राहिली ती शिडीची मधली पायरी नसल्यानं. आपली पोरं चॅलेंजर दर्जाच्या स्पर्धांसाठी परदेशात स्वतःच्या खर्चानं हिंडली, आणि आपण मात्र जानेवारीतल्या एका आठवड्यापुरती घराला रंगरंगोटी करून पाहुण्यांची वाट पाहिली. बोपन्नानं २०२४ मध्ये त्रेचाळिसाव्या वर्षी मॅथ्यू एब्डेनसोबत ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि दुहेरीत जगात अव्वल झाला. त्यावर या मंडळींची प्रतिक्रिया काय? ‘हो, पण दुहेरीत.’ सुनेनं पुरणपोळी कितीही चांगली केली तरी सासू म्हणते, तूप जरा कमी पडलं.

आणखी एक दुखणं. २००६ च्या सुमारास एटीपीनं आपल्या स्पर्धांतली दुहेरी कात्रीनं कापली. ड्यूस झाला की पुढच्या एकाच गुणावर गेमचा फैसला, आणि तिसऱ्या सेटऐवजी दहा गुणांचा टायब्रेकर. कारण सांगितलं टीव्हीचं. टीव्हीनं त्यानंतरही दुहेरी दाखवली नाही ती नाहीच. पेस-भूपतीचं पाचवं विजेतेपद अशाच दहा गुणांच्या लॉटरीवर ठरलं. जिंकले म्हणून मी गप्प बसलो. हरले असते तर हा लेख तेव्हाच लिहिला असता.

पुण्यातल्या पाच स्पर्धांना मी दररोज गेलो. शेवटच्या वर्षी पंधरा वर्षांचा पुणेकर मानस धामणे वाइल्ड कार्डवर मुख्य फेरीत उतरला आणि मायकेल ममोकडून सरळ सेटमध्ये हरला. मला त्या संध्याकाळचा आवाज आठवतो. पोराच्या प्रत्येक गुणाला स्टँडमधून जी आरोळी उठायची ती एखाद्या मानांकिताला मिळाली नसती. आणि बाजूच्या कोर्टांवर? तिथे दुहेरी चालायची. खुर्च्या निम्म्या रिकाम्या. पोळी-भाजीचा डबा घेऊन आलेलं एखादं कुटुंब, दोन-चार क्लबातले निवृत्त खेळाडू, आणि मी. तिथे खेळाडूंचं बोलणं ऐकू येतं, बुटांची करकर ऐकू येते, आणि पाठीमागे गेलेला पंजा दिसतो. मुख्य कोर्टवरून ते दिसत नाही.

करार संपला. लायसन्स आयएमजी या व्यवस्थापन कंपनीचा होता; तो चेन्नईचा नव्हता, पुण्याचा नव्हता, महाराष्ट्राचाही नव्हता. मालकानं जागा दुसऱ्याला दिली. मालकावर चिडण्यात अर्थ नाही. २०२४ ला हाँगकाँगच्या अंतिम सामन्यात आंद्रेई रुब्लेव्हकडून एमिल रुसुवूरी हरला. हाच रुसुवूरी २०२२ ला पुण्याच्या अंतिम सामन्यातही हरला होता. भांडी तीच, स्वयंपाकघर बदललं.

‘स्पर्धा गेली, महाराष्ट्राचं टेनिस संपलं,’ असा गळा काढणारे लेख तेव्हा पुष्कळ आले. मला ते पटत नाही. स्पर्धा बंद पडली याचं दुःख आहेच, पण पन्नास वर्षांत दोनदा आपण भाड्याच्या घराला आपलं म्हटलं, ही चूक आपली. २०२४ च्या फेब्रुवारीत त्याच बालेवाडीत चॅलेंजर स्पर्धा झाली. तिकडे कॅमेरे फारसे फिरकले नाहीत. मोनॅकोचा व्हालेंतिन वाशेरो नावाचा एक खेळाडू ती जिंकला. त्याचं नाव छापताना आमच्या वर्तमानपत्रांनी दोन वेगवेगळी स्पेलिंगं केली. २०२५ च्या ऑक्टोबरात तो पात्रता फेरीतून येऊन शांघाय मास्टर्स जिंकला, तेव्हा सगळ्यांना पुणे आठवलं. शिडीची मधली पायरी ती हीच. तिला जास्त पैसे लागत नाहीत, माणसं लागतात.

तेव्हा वाचकहो, पुढच्या वेळी पुण्यात, कोल्हापुरात, नागपुरात जिथे कुठे अशी छोटी स्पर्धा असेल तिथे एक दुपार काढा. मुख्य कोर्टकडे जाऊ नका. बाजूच्या कोर्टवर दुहेरी चालू असेल. पहिल्या रांगेत जागा मिळेल, ती नेहमीच मिळते.