कोर, गोर आणि गुदर

पश्तोत ‘कोर’ म्हणजे घर आणि ‘गोर’ म्हणजे थडगे. बाईची जागा या दोहोंपैकी एकात, असे सांगणारी म्हण पठाणांत सर्वतोमुखी आहे. यमक असे चपखल की विधान तपासण्याआधीच ते पटून जाते. म्हणीचे सामर्थ्य इथेच असते, आणि धोकाही.

पश्तोत म्हणीला ‘मतल’ म्हणतात. दुसरा प्रसिद्ध मतल सांगतो की जन, जर, जमीन, म्हणजे स्त्री, सोने आणि भूमी, ही भांडणाची मुळे. फारसीतही हे त्रिकूट आहे, हिंदी-उर्दूत ते ‘जर, जोरू, जमीन’ होते. पहिल्या म्हणीत स्त्रीला कोंडले आहे, दुसरीत मालमत्तेत मोजले आहे. ही मोजणी नुसती शाब्दिक नाही. खुनाचे वैर मिटवण्यासाठी मुलगी शत्रूच्या घरी देण्याची ‘स्वारा’ प्रथा याच हिशेबावर चालत आली. पाकिस्तानात आता तो गुन्हा आहे. आई मात्र म्हणींत पूज्य असते. मान मिळतो तो मुलाच्या नात्याने.

पण हे मतल टिपले कुणी? बन्नूत महसुलाचे काम पाहणाऱ्या थॉरबर्न या इंग्रज अधिकाऱ्याने 1876 च्या आपल्या ग्रंथात पश्तो म्हणींचा मोठा संग्रह दिला. परक्या पुरुषाच्या कानी पडद्याआडचे बोलणे कितीसे पडणार? त्याला ऐकू आली असणार ती मुख्यतः ‘हुजरा’ची, म्हणजे पुरुषांच्या बैठकीची भाषा.

बायकांची बैठक वेगळी. ती ‘गुदर’वर, म्हणजे पाणवठ्यावर भरे. तिथला रचनाप्रकार ‘लंडई’. दोन ओळी, पहिलीत नऊ अक्षरे, दुसरीत तेरा. कर्तीचे नाव नाही. तिच्यात म्हाताऱ्या नवऱ्याची टर आहे, प्रियकराला उघड बोलावणे आहे, रणातून पळणाऱ्याला टोमणा आहे. अफगाण कवी सय्यद बहाउद्दीन मजरूह यांनी अशा लंडया गोळा केल्या. 1988 मध्ये पेशावरमध्ये त्यांची हत्या झाली, संग्रह मागे उरला.

‘चूल आणि मूल’ एवढ्यावरून मराठी बाई कळत नाही. जात्यावरच्या ओव्या ऐकाव्या लागतात. पठाण स्त्रीचेही तसेच. मतल तिच्यावर हुकूम काय होता ते सांगतो. तिने तो कितपत मानला, हे लंडईला विचारावे.