सूतिकागाराची सिद्धता : साधेपणा आणि आधार

गर्भिणीपरिचर्या हा आपल्या संहिताकारांनी अत्यंत सूक्ष्मपणे हाताळलेला विषय आहे. मासानुमासिक आहार, वर्ज्यावर्ज्य आणि औषधयोजना यांवर आपल्या परिषदांतून पुष्कळ चर्चा होते. त्या मानाने प्रत्यक्ष प्रसूतीची पूर्वतयारी, म्हणजे शास्त्राच्या भाषेत सूतिकागाराची सिद्धता, काहीशी दुर्लक्षित राहिली आहे. आज प्रसूती रुग्णालयात होते, सबब सूतिकागाराचे प्रकरण केवळ परीक्षेपुरते उरले, असा आपल्यापैकी अनेकांचा समज आहे. हा समज तपासून पाहावा, या हेतूने प्रस्तुत लेख वैद्यबंधुभगिनींपुढे व औषधविक्रेत्यांपुढे ठेवीत आहे.

कळंबा हे कोल्हापूरच्या दक्षिणेस तलावाकाठी वसलेले गाव. आता ते शहराला जवळजवळ मिळाले असून शेताच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या आहेत. राधानगरी, भुदरगड, शिरोळ येथून नोकरीसाठी आलेली तरुण जोडपी येथे दोन खोल्यांत संसार करतात. सातवा महिना लागला की अशी जोडपी चिकित्सालयात येतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "डॉक्टर, काय काय घेऊन ठेवायचं?" पाळणा, बाबागाडी, छायाचित्रांचे पॅकेज, गर्भसंस्काराचा संच, महिन्यानुसार औषधांची पेटी अशी यादी लांबत जाते. त्या वेळी तिच्याजवळ कोण असेल, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. उसनवारी करून वस्तू जमतात आणि कळा सुरू होतात तेव्हा घरात दुसरे माणूस नसते. चिकित्सकाने लक्ष घालावे ते येथे.

शास्त्रातील सूतिकागार

चरकाचार्यांनी शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात नवव्या महिन्यापूर्वी सूतिकागार सिद्ध करावयास सांगितले आहे. ते वर्णन बारकाईने पाहिले असता दोन गोष्टी ध्यानात येतात. पहिली अशी, की त्यातील प्रत्येक वस्तूला काम आहे. अग्नी, पाणी, स्नानाची व मलमूत्रविसर्जनाची सोय, स्वयंपाकाची जागा, तूप, तेल, मध, सैंधव, काही औषधी द्रव्ये, शय्या, तीक्ष्ण शस्त्र. केवळ शोभेची वस्तू तेथे जवळपास नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. वस्तूंच्या बरोबरीने माणसांची यादी आहे. ज्यांना अनेक अपत्ये झाली आहेत, ज्या गर्भिणीवर माया करणाऱ्या, सदाचारी, प्रसंगावधानी, विषादरहित व क्लेश सोसणाऱ्या आहेत, अशा स्त्रिया जवळ असाव्यात, असे आचार्य सांगतात. आधार ही त्यांच्या दृष्टीने सूतिकागाराच्या सामग्रीचाच भाग होती.

याच अध्यायात आणखी दोन सूचना आहेत. आसन्नप्रसवेला मुसळाने धान्य कांडावयास लावावे, असे एक मत त्या काळी प्रचलित होते. आत्रेयांनी ते स्पष्ट शब्दांत नाकारले. गर्भिणीला दारुण व्यायाम सदैव वर्ज्य, आणि प्रसूतीसमयी तर विशेषेकरून, असे त्यांचे म्हणणे. त्याऐवजी त्यांनी जृंभण व चंक्रमण, म्हणजे जांभई देणे आणि चालणे फिरणे, सुचविले. तसेच कळ नसताना प्रवाहण करू नये, त्याने श्रम वाया जातात व अपत्यास हानी पोहोचते, असेही बजावले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली प्रसूतिकालीन काळजीविषयी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांतही कमी जोखमीच्या प्रसूतीत हालचालीस व उभ्या स्थितीस प्रोत्साहन द्यावे आणि स्त्रीच्या पसंतीची व्यक्ती सोबत असावी, असे म्हटले आहे.

सोबतीण

सततच्या आधाराचा प्रसूतीवर काय परिणाम होतो, याचे मोठे परीक्षण कॉक्रेन या संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केले. त्यात २६ चाचण्यांतील १५,८५८ स्त्रियांची माहिती तपासली होती. ज्यांना अखंड सोबत मिळाली त्यांच्यात नैसर्गिक प्रसूतीचे प्रमाण अधिक आढळले. शस्त्रक्रिया व वेदनाशामके कमी लागली आणि प्रसूतीचा कालावधीही काहीसा घटला. यास कोणतेही यंत्र वा महाग द्रव्य लागले नाही. महाराष्ट्रात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार सुमारे ९५ टक्के प्रसूती संस्थांत झाल्या आणि शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण २५ टक्क्यांच्या घरात होते. या पार्श्वभूमीवर सोबतीचे मोल ध्यानात यावे.

केंद्र शासनाने २०१६ साली सार्वजनिक रुग्णालयांत प्रसूतीवेळी सोबतिणीस परवानगी देणाऱ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. सोबतीण स्वतः प्रसूतीचा अनुभव घेतलेली असावी, तिला संसर्गजन्य रोग नसावा, तिने स्वच्छ वस्त्रे घालावीत, संपूर्ण वेळ थांबावे आणि कर्मचाऱ्यांच्या कामात अडथळा आणू नये, असा त्यांचा आशय आहे. ही यादी चरकोक्त यादीशेजारी ठेवून पाहावी. दोहोंचा आशय पुष्कळसा एकच दिसतो. आमच्या वैद्यांनी यातून व्यवहार शिकावा तो असा :

१. सातव्या महिन्यातच गर्भिणीला विचारावे, तिला कोण जवळ हवे आहे? आई, सासूबाई, जाऊ, नणंद, शेजारच्या काकू, कोणीही असो. निवड तिची असावी. ज्या बाईसमोर ती मोकळेपणी रडू शकते, ती योग्य.

२. निवडलेल्या सोबतिणीस एकदा चिकित्सालयात बोलवावे. पाठ व कंबर कशी चोळावी, श्वास संथ कसा ठेवावा, घोट घोट पाणी केव्हा द्यावे, कळ नसता जोर लावू नये हे कसे सांगावे, हे प्रत्यक्ष दाखवावे. अर्धा तास पुरतो.

३. भयकथा सांगणारी, "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणारी वा सतत दूरध्वनीवर बोलणारी व्यक्ती कितीही जवळच्या नात्याची असली, तरी तिला दुसरे काम द्यावे.

४. ज्या रुग्णालयात नाव नोंदविले आहे तेथे सोबतिणीचा नियम काय, हे आधीच विचारून घ्यावे. पतीस आत प्रवेश नसेल तर त्याचे काम ठरवून द्यावे : कागदपत्रे, रक्ताची सोय, वाहन, घरची व्यवस्था.

वस्तूंची यादी

बाळंतविडा ही आपली जुनी रीत. तिच्या मुळाशी गरजेच्या वस्तू माहेराने वा आप्तांनी पुरवाव्यात ही साधी दृष्टी होती. तीच पुन्हा आणावी. मऊ झालेल्या सुती लुगड्याची, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवलेली दुपटी व लंगोट, टोपडे, एक वाकळ, मातेसाठी सैल सुती कपडे व पॅड, पाण्याचा तांब्या, स्वच्छ टॉवेल आणि कागदपत्रांची पिशवी इतक्यात काम भागते. थोरल्या मुलांचे कपडे घेण्यात कमीपणा नाही. डोहाळजेवण अवश्य करावे. परंतु पाचपन्नास जणांच्या हॉलच्या खर्चातून प्रसूतीनंतर महिनाभर धुण्याभांड्यास बाई ठेवता येते, हे कुटुंबास सुचवावे. "आहेर करायचाच असेल तर डबा करा" असे मी नातलगांना सांगतो. आठवडाभर रोज एका घरून भाकरी, मऊ भात, मुगाचे वरण आले, तर बाळंतिणीस त्याहून मोठी भेट नाही.

आहार व औषध

चरकोक्त मासानुमासिक क्रमाचा पाया दूध, तूप, लोणी व यवागू असा घरगुती आहे. त्यास पेटीबंद स्वरूप देण्याची सक्ती शास्त्रात नाही. ज्वारीची भाकरी, तूप, डाळी, पालेभाजी, ताक, हंगामी फळे हा आपल्या भागातील आहार उत्तम पाया होय. मात्र साधेपणा म्हणजे आवश्यक गोष्टी टाळणे नव्हे. देशात २०१९-२१ च्या सर्वेक्षणात निम्म्याहून अधिक गर्भिणींमध्ये रक्ताल्पता आढळली. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असल्यास लोह देणे, ७ च्या खाली असल्यास तत्काळ रुग्णालयात पाठविणे हे कर्तव्य आहे. गूळ-शेंगदाण्यावर विसंबून लोहाच्या व फोलिक ॲसिडच्या गोळ्या बंद करू नयेत. त्या शासकीय केंद्रात विनामूल्य मिळतात.

नवव्या महिन्यातील मधुरौषधसिद्ध तैलाचा अनुवासन बस्ती व पिचू हे अपानाच्या अनुलोमनार्थ सांगितलेले कर्म आहे. ते प्रशिक्षित वैद्यानेच, सोनोग्राफी पाहून करावे. वार खाली असणे, रक्तस्राव, पाणी गेलेले असणे, अकाली कळा यांपैकी काहीही असता करू नये. कळा आणण्यासाठी घरी एरंडेल देणे तर सर्वथा वर्ज्य.

औषधविक्रेत्यांसाठी

न्यूयॉर्क शहरात २०११-१२ या काळात आयुर्वेदीय औषधे घेणाऱ्या सहा गर्भिणींच्या रक्तात शिशाचे प्रमाण वाढलेले आढळले व त्याची अधिकृत नोंद झाली. ही घटना आपल्या सर्वांच्या विश्वासार्हतेशी निगडित आहे. गर्भिणीस नाग, हिंगूळ इत्यादी असलेले रसकल्प चिठ्ठीविना, "पूर्वीपासून चालतं" म्हणून देऊ नयेत. अनुसूची ई(१) मधील द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखवावी.

दुसरी गोष्ट स्पष्टच सांगतो. "मुलगाच होईल" असे सुचविणारे कोणतेही औषध विकणे हा गुन्हा आहे. २००१ च्या जनगणनेत कोल्हापूर जिल्ह्यात ० ते ६ वयोगटात हजार मुलांमागे ८३९ मुली होत्या, २०११ मध्ये ८६३. या आकड्यांच्या जिल्ह्यात व्यवसाय करणाऱ्या प्रत्येकाने आपल्या कपाटाकडे एकदा पाहावे.

निघण्याची तयारी

साध्या संसारातही पुढील गोष्टी लिहून भिंतीवर लावाव्यात : रुग्णालयाचे नाव, १०२ व १०८ हे क्रमांक, आशाताईंचा क्रमांक, रक्तगट, सोबतिणीचे नाव व पर्यायी नाव. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. त्यानुसार शासकीय रुग्णालयात प्रसूती, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त, आहार व ने-आण विनामूल्य आहे. दर महिन्याच्या ९ तारखेस प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात तज्ज्ञांकडून तपासणी होते. कर्ज काढण्यापूर्वी ही माहिती कुटुंबास मिळावी.

पहिलटकरीण माहेरी जाते. माहेर शिरोळ तालुक्यात नदीकाठी असेल आणि दिवस जुलै-ऑगस्टमध्ये भरत असतील, तर २०१९ व २०२१ चा महापूर आठवावा. पाणी चढल्यावर रस्ते बंद होतात. अशा वेळी आईनेच लेकीकडे येऊन राहणे शहाणपणाचे.

रक्तस्राव, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर सूज, रक्तदाब १४०/९० वा अधिक, झटके, ताप, पाणी जाणे, गर्भाची हालचाल मंदावणे यांपैकी एकही लक्षण असता घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव काही तासांत माता हिरावून नेतो. म्हणूनच साधेपणाच्या नावाखाली घरी प्रसूती करण्याचा सल्ला मी देत नाही.

सूतिकाकाल

आधाराची खरी कसोटी प्रसूतीनंतर लागते. अभ्यंग, उष्णोदक स्नान, पचेल तसा आहार आणि विश्रांती ही सूतिकेची परिचर्या साधी व स्वस्त आहे. अळिवाचे व डिंकाचे लाडू अग्नी पाहून द्यावेत. शस्त्रक्रिया झाली असल्यास अभ्यंग व पट्टबंधन शल्यतज्ज्ञांच्या संमतीने करावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नये; कोळशाचा वायू वासाशिवाय घात करतो. बाळास पहिल्या तासात अंगावर घ्यावे व चीक द्यावा. सहा महिने केवळ मातेचे दूध द्यावे आणि वर्षाच्या आत मध देऊ नये. जातकर्मात मधाचा उल्लेख असला, तरी आजचे ज्ञान पाहता हा बदल आपण स्वीकारलाच पाहिजे. बाळंतीण दोन आठवड्यांनंतरही उदास, निद्राहीन वा बाळाविषयी विरक्त दिसल्यास "होतं असं" म्हणून सोडू नये, तज्ज्ञांकडे पाठवावे.

गर्भिणीला तेलाने काठोकाठ भरलेल्या पात्राप्रमाणे, न हिंदकळविता जपावे, अशी उपमा चरकाचार्यांनी दिली आहे. पात्र सोन्याचे की मातीचे, याचा तेथे विचार नाही. ते धरणारे हात स्थिर असावेत एवढेच अपेक्षित आहे. आपल्याकडे येणाऱ्या प्रत्येक गर्भिणीच्या केसपेपरवर रक्तगटाखाली एक ओळ वाढवावी : सोबतीण कोण? ती ओळ सातव्या महिन्यात रिकामी असेल, तर त्या दिवशी औषध लिहिण्यापूर्वी ती भरण्याचा प्रयत्न करावा, ही सर्व वैद्यबंधुभगिनींस नम्र विनंती.