हवेच्या भाराने घडणारे पाते

परभणी : बीड, धाराशिवच्या डोंगरमाथ्यांवर फिरणारे पवनचक्कीचे पाते दुरून पाहणाऱ्यास लोखंडी वाटते. वास्तविक त्यात लोखंड नावापुरतेच असते आणि तेही मुळाशी असलेल्या बोल्टांपुरते. उरलेले पाते म्हणजे काचतंतूंचे कापड, त्यात मुरलेले रेझिन आणि कवचाच्या दोन थरांमध्ये बसविलेला फोम किंवा बाल्सा हे अतिशय हलके लाकूड. पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सुझलॉन'सह बहुतेक उत्पादक ही पाती निर्वात पद्धतीने रेझिन ओढून तयार करतात. हीच पद्धत नौकांची कवचे, बसगाड्यांचे भाग आणि साध्या सपाट फलकांसाठीही वापरली जाते.

फोम मध्ये घालण्याचे कारण सोपे आहे. फलक वाकतो तेव्हा खरा ताण वरच्या आणि खालच्या पृष्ठभागांवर येतो, मधल्या भागाचे काम त्यांना एकमेकांपासून दूर धरण्याचे. एक-एक मिलिमीटरचे दोन काचतंतू थर एकत्र चिकटविले तर हाताने वाकेल असा पत्रा मिळतो. त्याच दोन थरांमध्ये २० मिलिमीटरचा फोम घातला, तर हिशेबाने कडकपणा शंभर पटींहून अधिक वाढतो. वजन मात्र चौरस मीटरला सहा किलोच्या आसपासच राहते. तेवढ्याच जाडीचे प्लायवुड याच्या दुप्पट भरते.

फोम कोणताही चालत नाही. सहज मिळणारे थर्माकोल स्वस्त खरे. पण पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीन त्याचा स्पर्श होताच ते विरघळवून टाकते. त्यासाठी पीव्हीसी किंवा पीईटीचा, बंद छिद्रांचा फोम लागतो. उघड्या छिद्रांचा फोम रेझिन पिऊन घेतो आणि हलकेपणाचा हेतूच संपतो. रेझिन दोन्ही बाजूंना पोहोचावे म्हणून फोमवर बारीक खाचा आणि भोके पाडलेली असतात.

जुन्या पद्धतीत कारागीर ब्रशने रेझिन लावत आणि रोलरने बुडबुडे काढीत. किती रेझिन लागले हे त्याच्या हातावर अवलंबून. निर्वात पद्धतीत आधी सर्व काही कोरडे मांडले जाते. साच्यावर मेण, त्यावर कापड, फोम, पुन्हा कापड. मग नंतर सोलून काढायचे अस्तर आणि रेझिन झरझर पसरविणारी जाळी. या सर्वांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद अंथरून कडा चिकट पट्टीने बंद केल्या जातात. एका टोकाला पंप जोडतात, दुसऱ्या टोकाची नळी रेझिनच्या बादलीत सोडतात, मात्र ती चिमट्याने बंद ठेवून.

पंप सुरू होताच आतील हवा निघून जाते आणि बाहेरची हवा कागदावर दाब देऊ लागते. समुद्रसपाटीला हा भार चौरस मीटरमागे सुमारे १०.३ टन असतो. समुद्रसपाटीपासून चारशे मीटर उंचीवरच्या परभणीत तो ९.८ टनांच्या घरात राहील. इतके वजन कोणत्याही यंत्राविना, फलकाच्या प्रत्येक कोपऱ्यावर सारखे पडते. परिणामी थरांत काचेचे प्रमाण वजनाने ६० ते ७० टक्क्यांपर्यंत जाते. हातकामात ते बहुधा याच्या निम्म्याजवळ असते.

खरी परीक्षा रेझिन सोडण्यापूर्वीची. पंपाकडील नळी बंद करून दाबमापकाच्या काट्याकडे पाहत बसायचे. काटा सरकू लागला, तर कुठेतरी गळती आहे. विहिरीवरची मोटर हवा धरते, तेव्हा काय होते हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही; इथेही नेमके तेच घडते. टाचणीच्या टोकाएवढे छिद्र राहिले, तरी हवा रेझिनमध्ये शिरते आणि कापडाचा पट्टा कोरडा राहतो. रेझिनमध्ये हार्डनर मिसळल्यावर माघार नसते. त्यामुळे गळती शोधण्यात तासभर गेला तरी तो वाया गेला असे अनुभवी कारागीर मानत नाही.

त्यानंतर चिमटा काढला की रेझिनची ओली कड कापडातून पुढे सरकताना स्पष्ट दिसते. अंतर दुप्पट झाले की वेळ चौपट लागतो. म्हणून मोठ्या पात्याला रेझिन एकाच टोकाकडून न देता अनेक नळ्यांतून, ठराविक क्रमाने दिले जाते. परभणीचा उन्हाळा येथे अडचणीचा. पारा ४४ अंशांवर गेल्यास रेझिन पातळ होऊन वेगाने धावते खरे, परंतु ढोबळमानाने दर दहा अंशांमागे गोठण्याचा वेळ निम्मा होतो. बादलीत साठलेले रेझिन तर स्वतःच्याच उष्णतेने धूर सोडू लागते. अशा गावात हे काम पहाटे उरकणे किंवा मंद हार्डनर वापरणे एवढाच मार्ग. बंद आवरणामुळे स्टायरीनची वाफ कारागिराच्या नाकात कमी जाते, हा या पद्धतीचा मोठा लाभ. कापताना उडणाऱ्या काचेच्या धुळीसाठी मास्क मात्र अपरिहार्यच.

पात्यातील दोषाची किंमत किती असते, हे २००८ मध्ये दिसले. अमेरिकेतील काही 'एस-८८' पवनचक्क्यांच्या पात्यांना तडे गेल्यानंतर 'सुझलॉन'ने १,२५१ पाती मजबूत करण्याची मोहीम जाहीर केली होती. जमिनीवर साच्यात जे काम तासाभराचे, ते उंच मनोऱ्यावर पोहोचल्यावर क्रेनचे होते.

दुसरा प्रश्न अजून पुढे आहे. एकदा घट्ट झालेले हे रेझिन लोखंडाप्रमाणे पुन्हा वितळत नाही. साताऱ्यातील वनकुसवडे पठारावर १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून पवनचक्क्या उभ्या राहिल्या. पवनचक्क्यांचे आयुष्य साधारण वीस-पंचवीस वर्षांचे धरले जाते. जुन्या पवनचक्क्यांच्या जागी अधिक क्षमतेच्या बसविण्याबाबत केंद्राने डिसेंबर २०२३ मध्ये सुधारित धोरण आणले. उतरविलेल्या पात्यांसाठी तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत जाळणे, हा सध्याच्या मोजक्या पर्यायांपैकी एक आहे. त्यात काचेचा अंश सिमेंटमध्ये मिसळतो आणि रेझिन इंधन म्हणून जळते.