होडीतली बॅटरी किती भरली आहे?

कोकणच्या किनाऱ्यावरील एका मुलाने मला एकदा प्रश्न विचारला, "सर, डिझेल किती उरले ते टाकीत पट्टी बुडवून कळते. मग बॅटरी किती उरली ते कशात पट्टी बुडवून पाहायचे?" प्रश्न साधा आहे, पण भर समुद्रात त्याला फार महत्त्व आहे. समजा, रात्री जाळी टाकून होडी उभी आहे. इंजिन बंद आहे, पण दिवे, बिनतारी संच आणि मासे शोधण्याचे यंत्र चालू आहे. पहाटे तांडेल सेल मारतो, आणि इंजिन नुसते कण्हते! रस्त्यावर गाडी बंद पडली तर चार माणसे ढकलतात. समुद्रात कोण ढकलणार? शिवाय मदत मागायची तर बिनतारी संचही त्याच बॅटरीवर चालतो. म्हणून बॅटरी 'उतरत' आहे हे ती पूर्ण उतरण्यापूर्वी कळले पाहिजे.

होडीत बहुधा शिसे व आम्ल यांची बॅटरी असते. फ्रान्सच्या गास्ताँ प्लाँते याने 1859 साली असा घट प्रथम बनविला. त्याची धन पट्टी लेड डायऑक्साइडची व ऋण पट्टी सच्छिद्र शिशाची असते, आणि दोन्ही सौम्य सल्फ्युरिक आम्लात बुडलेल्या असतात. बॅटरी वापरताना दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट तयार होते. त्यात आम्ल खर्च होते आणि पाणी बनते. म्हणजेच बॅटरी जसजशी उतरते तसतसे आतले आम्ल पातळ होत जाते. पूर्ण भरलेल्या बॅटरीत त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे 1.265 असते, उतरलेल्या बॅटरीत ते 1.12 च्या आसपास येते.

मग आमची 'पट्टी' हीच! हायड्रोमीटर आम्लात सोडावा आणि तो किती बुडतो ते पाहावे. गॅरेजमध्ये असेच करतात. परंतु लाटांवर डोलणाऱ्या होडीत हायड्रोमीटरचा तरंगता भागही डोलू लागतो, झाकणे उघडताना आम्ल अंगावर उडण्याची भीती असते, आणि काही बॅटऱ्यांची झाकणे तर उघडतच नाहीत. येथे निसर्गाचा एक सोयीचा नियम आपल्या मदतीला येतो. शिसे-आम्ल घटाचा स्वस्थ असतानाचा व्होल्टेज हा आम्लाच्या विशिष्ट गुरुत्वात सुमारे 0.84 मिळवले असता येतो. आता हिशेब करा. 1.265 अधिक 0.84 म्हणजे 2.105 व्होल्ट. बॅटरीत असे सहा घट एकसरीत जोडलेले असतात, म्हणून एकूण सुमारे 12.6 व्होल्ट. निम्म्या उतरलेल्या बॅटरीत विशिष्ट गुरुत्व 1.19 धरले, तर उत्तर येते सुमारे 12.2. पूर्ण उतरलेल्या बॅटरीचे येते सुमारे 11.8. म्हणजे व्होल्टमीटर हा बॅटरीचे झाकण न उघडता वापरता येणारा हायड्रोमीटरच झाला!

पण एक अडचण तुमच्या ध्यानात आली का? भरलेली आणि रिकामी यांत फरक जेमतेम 0.8 व्होल्टचा आहे. 0 ते 15 व्होल्टच्या मीटरचा काटा 90 अंशांतून फिरतो असे धरू. 12.6 वरून 12.2 वर येताना तो केवळ 2.4 अंश सरकेल. इंजिनाच्या थरथराटात हा फरक डोळ्यांना दिसणार नाही. 0 ते 10 हा भाग तर आपल्या काहीच कामाचा नाही. तो कापून टाकता आला तर?

हे काम झेनर डायोड करतो. 10 व्होल्टचा झेनर उलट दिशेने जोडला, तर तो स्वतःवर सुमारे 10 व्होल्ट धरून ठेवतो व उरलेले पुढे जाऊ देतो. जोडणी अशी करा: बॅटरीचे धन अग्र, फ्यूज, दाबायचे बटण, झेनरचे पट्टा असलेले टोक, झेनरच्या दुसऱ्या टोकाला 470 ओहमचा रोध, आणि रोधाचे दुसरे टोक बॅटरीच्या ऋण अग्राला. आता रोधाच्या दोन टोकांना 0 ते 5 व्होल्टचा मीटर लावा. बॅटरी 12.6 असेल तर मीटर 2.6 दाखवील. तबकडीवर 0 च्या जागी 10 आणि 5 च्या जागी 15 लिहिले की झाले! काट्याची हालचाल आता तिपटीने वाढली.

मात्र झेनरवर आंधळा विश्वास ठेवू नका. 10 व्होल्टचा म्हणून मिळणारा झेनर सामान्यतः पाच टक्के कमीअधिक, म्हणजे 9.5 ते 10.5 असू शकतो. अर्ध्या व्होल्टची चूक म्हणजे निम्म्याहून अधिक उतरलेली बॅटरी भरलेली समजणे. म्हणून चांगल्या डिजिटल मल्टिमीटरशी ताडून पाहा आणि तबकडीवरचे आकडे तितके सरकवून लिहा.

आता मीटर होडीत बसवू. मीटर सुकाणूजवळ हवा, बॅटरी असते खाली इंजिनाजवळ. अनेक जण दिव्यांकडे जाणाऱ्या तारेलाच मीटर जोडतात. ते का चुकते, पाहा. दिव्यांची तार 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची आणि अंतर 10 मीटर असेल, तर जाऊन-येऊन 20 मीटर तांब्याचा रोध सुमारे 0.14 ओहम होतो. दिवे 5 अँपिअर घेत असतील तर तारेतच 0.7 व्होल्ट खर्च होतात. बिचारी भरलेली बॅटरी मीटरवर उतरलेली दिसेल! म्हणून मीटरच्या दोन तारा स्वतंत्रपणे थेट बॅटरीच्या अग्रांपासून आणाव्यात. आपल्या मीटरमधून जेमतेम 5 ते 10 मिलिअँपिअर प्रवाह जातो. तेवढ्याने बारीक तारेतही होणारी घट नगण्य असते.

बारीक तार असली तरी 1 अँपिअरचा फ्यूज धन अग्राच्या अगदी जवळ बसवलाच पाहिजे. तार घासून उघडी पडली आणि दुसऱ्या तारेला चिकटली, तर बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह देऊ शकते. तार लालभडक होईल, आणि होडीत डिझेल असते हे विसरू नका. जोडणी चार्जिंग चालू असताना करू नये, कारण त्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो आणि त्याला एक ठिणगीही पुरे होते. हातातील अंगठी, कडे काढून ठेवावे. खाऱ्या हवेत तांबे लवकर गंजते, म्हणून कथिलाचा मुलामा दिलेली तार घ्यावी आणि जोडणी झाल्यावर अग्रांना पेट्रोलियम जेली लावावी.

मीटर वाचायचा कधी, हेही शिकले पाहिजे. चार्जिंग थांबताच बॅटरी खोटा चढा व्होल्टेज दाखवते. तिला काही तास विसावा देऊन, दिवे बंद असताना वाचन घ्यावे. इंजिन चालू असताना काटा 13.8 ते 14.4 च्या दरम्यान असावा. तो 12.5 लाच चिकटून राहिला, तर अल्टरनेटरचा पट्टा ढिला आहे का ते पाहा. तो 15 च्या पुढे गेला, तर नियंत्रक बिघडला आहे असे समजा.

सेल मारताना तर काट्याकडे अवश्य पाहावे. स्टार्टर 150 अँपिअर घेतो असे समजा. बॅटरीचा अंतर्गत रोध 0.01 ओहम असेल, तर आतल्या आत 1.5 व्होल्ट जातील आणि काटा 11.1 वर येईल. बॅटरी जुनी होऊन हा रोध 0.03 ओहम झाला असेल, तर तेवढ्याच प्रवाहाला 4.5 व्होल्ट जातील. उरलेल्या 8.1 व्होल्टवर इंजिन फिरणे कठीण. आपल्या मीटरचा काटा तेव्हा 10 च्या खाली, म्हणजे तळाशी जाऊन बसेल. स्वस्थ असताना दोन्ही बॅटऱ्या सारख्याच दिसतात. खरी ओळख कामाला लावल्यावरच पटते!

आज बाजारात आकडे दाखवणारे तयार मीटर मिळतात. ते खुशाल बसवा. पण स्वतंत्र तारा, फ्यूज आणि वाचनाची वेळ यांचे नियम त्यांनाही लागू आहेत.

किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्या मित्रांनी वाईट वाटून घेऊ नये. हाच मीटर ट्रॅक्टरच्या किंवा घरच्या इन्व्हर्टरच्या 12 व्होल्ट बॅटरीला लावता येईल. आपल्या शिक्षकांच्या देखरेखीखाली तो बनवा आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ वाचने लिहून आलेख काढा. आणि तुमच्या ओळखीचा कोणी तांडेल असेल, तर त्याला एवढेच सांगा: बंदर सोडण्यापूर्वी बटण दाबावे. काटा 12.2 च्या खाली असेल, तर आधी बॅटरी भरावी, मग समुद्रात जावे.