लेकरांच्या कर्करोगाला सरकारी यादीत जागा हवी

गेल्या सोमवारी दवाखान्यात बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा वडिलांसोबत आला. शाळेच्या कबड्डी संघात त्याची निवड झाली होती आणि त्याला डॉक्टरांचा दाखला हवा होता. मी नाडी, छाती, पोट तपासले. सारे उत्तम होते. सही करताना वडील हळूच म्हणाले, "साहेब, ओयखलं काय याले? २०१८ साली याच टेबलावर झोपवलं होतं तुमी याले."

मग आठवले. पाच वर्षांचे ते पोर तेव्हा कागदासारखे पांढरे पडले होते. पायावर निळे डाग होते, मानेत गाठी होत्या आणि ताप पंधरा दिवस हटत नव्हता. त्याला रक्ताचा कर्करोग, म्हणजे ल्युकेमिया झाला होता. आज तो कबड्डी खेळतो.

त्याला पाहिले की मला १९९९ सालची एक मुलगी आठवते. घाटंजी तालुक्यातल्या एका खेड्यातली, सहा वर्षांची. तिलाही हाच आजार होता. चूक कबूल केलेली बरी. पहिले तीन आठवडे मी तिला लोहाचे औषध आणि जंताच्या गोळ्या देत राहिलो. आपल्या भागात पंडुरोग आणि सिकलसेल घरोघर दिसतो, तसेच काही असेल असे मी धरून चाललो. निदान झाल्यावर बापाने बैलजोडी विकली आणि लेकीला मुंबईला नेले. दीड महिन्याने ते परत आले. पोरीचा ताप गेला होता, भूक लागत होती, गालावर बाळसे आले होते. मी म्हटले, "आता मध्येच थांबू नका." बाप म्हणाला, "आता तं पोरगी चांगली खेळून राह्यली जी. मंग मुंबईले कायले जाचं?" त्याच्याजवळ विकायला दुसरी बैलजोडी नव्हती. पेरणी तोंडावर आली होती. दिवाळीच्या आत ती मुलगी गेली.

वाचकहो, दोघांचा आजार एक, आणि मुख्य औषधेही जवळपास तीच. मग एक जगला आणि एक का गेली? आज याच प्रश्नावर लिहायचे आहे.

बरा होणारा कर्करोग

कर्करोग म्हटला की आपल्या मनात मरणच येते. मोठ्यांच्या बाबतीत ही भीती काही वेळा खरी ठरते. मुलांचे तसे नाही. मुलांच्या कर्करोगांपैकी सुमारे एक तृतीयांश रक्ताचे असतात. त्यातला सर्वांत नेहमीचा प्रकार पुढारलेल्या देशांत शंभरातल्या नव्वद मुलांचा पूर्ण बरा होतो. डोळ्यातील, मूत्रपिंडातील आणि लसिकाग्रंथींतील कर्करोगही वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतांशी बरे होतात.

हे एका दिवसात घडले नाही. १९४७-४८ साली अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. सिडनी फार्बर यांनी ल्युकेमिया झालेल्या मुलांना पहिल्यांदा परिणामकारक औषध दिले. ते औषध ज्या प्रयोगशाळेतून आले, तिथल्या संशोधनाचे प्रमुख आंध्रातील भीमावरम येथे जन्मलेले डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव होते. त्याच जातीचे मेथोट्रेक्सेट आजही वापरात आहे. दुसरे महत्त्वाचे औषध व्हिन्क्रिस्टिन. ते आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासून काढतात. (मात्र सदाफुलीची पाने घरी वाटून कोणी मुलाला देऊ नये. तिच्यात विषारी द्रव्ये आहेत आणि मात्रा चुकली तर जीव जातो.)

आपला देशही मागे राहिला नाही. १९८० च्या दशकात मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीची एम्स यांनी एक समान उपचारपद्धती स्वीकारली. त्याआधी या आजारातून शंभरात वीसही मुले वाचत नव्हती. पुढे ते प्रमाण चाळीस ते साठपर्यंत गेले. म्हणजे आमची ती मुलगी आजारी पडली तेव्हाही उपाय देशात होता. तिच्यापर्यंत तो पुरेसा पोचला नाही.

मुले कशाने दगावतात?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख मुला-मुलींना कर्करोग होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून अधिक बरी होतात, तर अनेक गरीब व मध्यम देशांत ३० टक्क्यांहूनही कमी. हे अंतर कमी करण्यासाठी संघटनेने २०१८ साली मोहीम सुरू केली. २०३० पर्यंत निदान ६० टक्के मुले वाचावीत, हे तिचे उद्दिष्ट आहे.

आपल्याकडे मूल दगावण्याची कारणे मला तीन दिसतात. पहिले, निदानास उशीर. दुसरे, अंतर. यवतमाळहून मुंबई गाठायची तर आजही धामणगाव किंवा बडनेऱ्याला जाऊन गाडी धरावी लागते. झरी-जामणीच्या पाड्यावरून निघालेल्या आईचा पहिला दिवस तिथपर्यंत पोचण्यातच जातो. तिसरे आणि सर्वांत घातक कारण म्हणजे उपचार अर्धवट सोडणे.

ल्युकेमियाचा उपचार दोन ते तीन वर्षे चालतो. पहिल्या महिन्यातच बहुतेक मुले टवटवीत होतात. पण शरीरात लपलेल्या रोगट पेशी शिल्लक असतात. औषध थांबले की त्या पुन्हा वाढतात आणि दुसऱ्या वेळी सहसा दाद देत नाहीत. ही गोष्ट आईबापांना समजावून सांगणारा माणूस लागतो. राहायला छत लागते. जेवण लागते. टाटा रुग्णालयाच्या बालविभागात २००९ च्या सुमारास शंभरातली जवळपास वीस कुटुंबे उपचार नाकारत किंवा सोडून जात. निवारा, पैसा, समुपदेशन आणि चुकलेल्या तारखेचा पाठपुरावा यांची घडी बसवल्यावर पुढील काही वर्षांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आले. त्यासाठी काही नवे औषध शोधावे लागले नाही.

कबड्डीवाल्या मुलाला हेच मिळाले. २०१२ साली राज्यात राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती सर्व जिल्ह्यांत आली. हीच आजची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्याच्या केमोथेरपीचा मोठा भाग तिच्यातून झाला. राहण्याची सोय एका धर्मशाळेत झाली. एकदा तारीख चुकली, तेव्हा रुग्णालयाच्या समाजसेविकेने तीन वेळा फोन केला. २०२० च्या टाळेबंदीतही त्याचे औषध तुटले नाही.

दादरची गाडगे महाराज धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना कितीतरी वर्षे आसरा देत आली आहे. मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड संस्थेची मोफत निवासकेंद्रे मुंबईत सुरू झाली. ही माणसे धन्य आहेत. पण मूल जगणे हे धर्मशाळेत खोली मिळते की नाही यावर अवलंबून असावे काय? हे काम मुळात सरकारचे आहे.

सरकारी यादीत मूल कुठे आहे?

कर्करोगासाठीचा सध्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे. त्यातील गावपातळीवरची तपासणी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी, तिशीच्या पुढच्या माणसांची होते. ती हवीच. पण तिच्यात मूल कुठेच नाही.

मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. त्याचा प्रारंभ आपल्याच राज्यात, पालघर येथे फेब्रुवारी २०१३ मध्ये झाला. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. जन्मजात व्यंग, हृदयविकार, दातांची कीड, कान फुटणे अशा ३० गोष्टी त्यांनी पाहायच्या असे ठरले. त्या मूळ यादीत कर्करोगाचे नाव नव्हते. डॉक्टर शाळेच्या दारात आलेला असताना मुलाच्या डोळ्यातली पांढरी चमक त्याच्या कागदावर नसावी, ही खेदाची गोष्ट आहे.

सरकारने मनावर घेतले तर काय होते, हे आपण पाहिले आहे. पोलिओचा देशातील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला. सिकलसेलसाठी जुलै २०२३ मध्ये राष्ट्रीय अभियान सुरू झाले. क्षयरोग्याला २०१८ पासून आहारासाठी दरमहा ५०० रुपये थेट खात्यात मिळू लागले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले.

कोणी म्हणेल, डॉक्टर, जिल्ह्यात कुपोषण आहे, सर्पदंश आहे. मूठभर मुलांसाठी एवढा खर्च कशाला? प्रश्न रास्त आहे. २०११ च्या जनगणनेत आपला जिल्हा २७ लाख ७२ हजारांचा होता. चौथा हिस्सा मुलांचा धरला आणि दर दहा लाख मुलांमागे वर्षाला शंभर रुग्ण धरले, तर वर्षाला साठ-सत्तर मुले होतात. हा माझा ढोबळ हिशेब आहे. साठ-सत्तर म्हणजे प्राथमिक शाळेचे दोन वर्ग. शिवाय साठीच्या माणसाला बरे केले तर दहा-वीस वर्षे मिळतात, पाच वर्षांच्या मुलाला बरे केले तर साठ. मेथोट्रेक्सेट आणि व्हिन्क्रिस्टिन ही जुनी औषधे आहेत, त्यांची किंमत फार नाही.

चार मागण्या

पहिली मागणी अशी की, बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या यादीत कर्करोगाची धोक्याची लक्षणे ठळकपणे यावीत आणि आशाताई, अंगणवाडी सेविका व प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना त्यांचे शिक्षण मिळावे.

दुसरी. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची डे-केअर केंद्रे काढण्याची घोषणा झाली. यवतमाळच्या केंद्रात मुलांसाठी वेगळ्या खाटा आणि प्रशिक्षित परिचारिका असाव्यात. ल्युकेमियाच्या उपचाराचा शेवटचा दीड-दोन वर्षांचा टप्पा मुख्यतः गोळ्यांचा व रक्ततपासणीचा असतो. मोठ्या रुग्णालयाच्या सल्ल्याने त्यातला बराचसा भाग येथेच होऊ शकतो.

तिसरी. योजनेचे ५ लाखांचे संरक्षण आहे, पण महिनोन्‌महिने परगावी राहण्याचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्यात बसत नाही. क्षयरोग्याप्रमाणेच या मुलाच्या आईच्या खात्यातही उपचार संपेपर्यंत दरमहा रक्कम यावी.

चौथी. मोजणी. बार्शीला १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदवही सुरू झाली. आपल्या जिल्ह्यातही प्रत्येक मुलाची नोंद व्हावी आणि उपचार सोडलेल्या प्रत्येक घरी कोणीतरी जावे. जे मोजले जात नाही, त्याला पैसा मंजूर होत नाही.

पालकांनी काय पाहावे?

सरकार करील तेव्हा करील, तोवर आपण डोळे उघडे ठेवावेत. पुढीलपैकी काही दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवा:

– दोन आठवड्यांहून अधिक ताप आणि वाढत जाणारा फिकेपणा;
– मार न लागता अंगावर निळे-लाल डाग, हिरड्यांतून किंवा नाकातून वारंवार रक्त;
– रात्री झोपमोड करणारे हाडांचे दुखणे, मुलाचे लंगडणे;
– पोटात, मानेत, काखेत वाढती गाठ. पोटातली गाठ चोळू नये;
– बुबुळात मांजराच्या डोळ्यासारखी पांढरी चमक किंवा नव्याने आलेला तिरळेपणा;
– सकाळी उठताच डोके दुखून उलटी होणे, तोल जाणे.

यातले बहुतेक वेळा साधेच काही निघते. घाबरून जाऊ नये, पण तपासून घ्यावे. रक्ताची साधी तपासणी कुठल्याही तालुक्याच्या गावी होते. हा आजार संसर्गजन्य नाही. आईच्या खाण्यापिण्याने, कोणाच्या नजरेने किंवा मागच्या जन्मीच्या पापाने तो होत नाही.

माझ्या व्यवसायबंधूंना एक विनंती. कारण न कळलेल्या तापावर किंवा सांधेदुखीवर मुलाला स्टिरॉइड देऊ नका. त्याने ल्युकेमिया काही दिवस झाकला जातो आणि निदान आणखी लांबते. फिकट मुलाला लोह देण्याआधी रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली पाहून घ्या. हा धडा मी फार मोठी किंमत मोजून शिकलो, आणि ती किंमत माझी नव्हती.

ग्रामसभा असो, जिल्हा परिषद असो की मते मागायला आलेला उमेदवार, या चार मागण्या त्यांच्यापुढे ठेवा. आजारी मुलांना मत नसते. त्यांच्या वतीने आपणच बोलायला हवे.

कबड्डीचे सामने पुढच्या महिन्यात आहेत. दाखला देताना मी त्या मुलाला सांगितले की सामना पाहायला नक्की येईन. ती मुलगी असती, तर आज तिशी ओलांडून गेली असती.